दोन पेरं माती

मार्च उजाडला की कॅलेंडरच्या आधी माझ्या नाकाला कळतं. साखर कारखान्यांचा हंगाम आटोपत आलेला असतो, कागलकडून येणाऱ्या वाऱ्याला मळीचा आंबूस वास असतो, झेरॉक्सच्या दुकानासमोर परीक्षेच्या पोरांची झुंबड उडालेली असते. एवढं सगळ्यांनाच कळत असेल. मला मात्र त्यात आणखी एक वास येतो. खरं तर तो आता कुठेच नाही. पाण्याखाली कोंडलेल्या मातीचा तो वास. तो आला की मी मनातल्या मनात उलटं मोजायला लागते. नऊ, आठ, सात.

यंदा तर मी स्वतःच हे ओढवून घेतलंय. पाण्यातल्या वनस्पती मुलांना खऱ्या दाखवायला शाळेत एक काचेची पेटी हवी, असं मीच बैठकीत बोलून बसले आणि अर्थातच ते काम माझ्याच गळ्यात पडलं. पेटी आधी घरी लावायची, झाडं रुजली की जूनमध्ये शाळेत न्यायची, असं ठरलं. काल दुकानात गेले. दुकानदार तरुण, नम्र, हातात मोबाईल. "मॅडम, माती किती जाड घालणार?" साधा प्रश्न. मी पिशवी नुसतीच उलटसुलट करायला लागले. बाईंना काही कळत नाही असं वाटून त्यानं पिशवीवर छापलेलं मला मोठ्यांदा वाचून दाखवलं. मला राग आला. त्याचा नव्हे, त्या छापील आकड्याचा. एवढा सोपा आकडा त्या साली मला कुणी कागदावर लिहून दिला असता, तर एक अख्खा उन्हाळा वाचला असता.

तेव्हा नुकतं दोन हजार साल उलटून गेलं होतं आणि मी डी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या काळी कोल्हापुरात घरटी एक मुलगी डी.एड. करायची आणि प्रत्येकीच्या छातीत एकच धडकी असायची, वार्षिक पाठाची. बाहेरून परीक्षक येणार, मागच्या बाकावर बसणार, आणि तुम्ही चौथीच्या चाळीस पोरांसमोर उभं राहून शिकवायचं. मैत्रिणी जिलेटीनचे मासे आणि हिरव्या क्रेपची झाडं कापत बसल्या होत्या. मला मेली जरा जास्तीचं करायची खोड. मी ठरवलं, खरी झाडं न्यायची, मुळांसकट, आणि सोबत खरे मासे. झाड माशाला काय देतं, मासा झाडाला काय देतो, हे पोरांना डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

घरात मात्र मासे म्हटल्यावर गहजब झाला. आम्ही जैन. शेती कागलजवळ, नदीकाठाला, आणि घर शाहूपुरीत. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज पहाटे फटफटीवरून शेतात जायचे आणि दिवस बुडायच्या आत जेवायला परत यायचे. आई घरातलं पाणी दुपदरी फडक्यातून गाळायची आणि फडकं उलटं करून हलक्या हातानं परत त्याच पाण्याच्या हौदात खळबळायची. डोळ्यांना न दिसणारे जीव कोरड्या फडक्यावर तडफडून मरू नयेत, एवढ्यासाठी. अशा बाईच्या घरात मी मासे आणणार होते.

"काचंत जीव कोंडून ठेवायचं म्हंजे पापच की ते," आई म्हणाली.

"परीक्षेचं हाय तिच्या. असू दे," अण्णा पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

आईनं हातातलं फडकं पिळलं. मग म्हणाली, "असू दे. पर मी आत्ताच सांगून ठेवतो. एक मासा मेला, तर एक उपास मी करणार. दोन मेलं तर दोन. मग मला कुणी काय बोलायचं न्हाय." आमच्याकडच्या बायका 'मी करतो, मी सांगतो' असंच बोलतात, आणि आईच्या तोंडी ते नेहमीच निकाल दिल्यासारखं वाटायचं. तिला शुगर होती. पोट रिकामं ठेवायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आईचा उपास म्हणजे साबुदाणा-शेंगदाण्याचा नव्हे. दुसऱ्या दिवशीचा सूर्य उगवेपर्यंत अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी.

म्हणून मी मासे नऊच आणले. अंगावर पट्टे असलेले, बोटाएवढे, चपळ. चाचांनी निवडून दिले, म्हणाले, "हे मरत न्हाईत लवकर." चाचा म्हणजे मासेवाले. रंकाळ्याकडं जाणाऱ्या एका बोळात त्यांचं दुकान होतं, दुकान कसलं, चार पेट्या आणि एक स्टूल. त्याआधी महिनाभर मी माती किती घालायची ते विचारलं होतं, तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते. "खाली माती दोन पेरं," ते म्हणाले, "वर बारीक वाळू अर्धं पेर. बास की. आधी झाडं रुजू देत, महिन्यानं मासं सोड." त्यांनी हात वर काढला असता, तर पुढचं काहीच झालं नसतं.

मी घरी येऊन अण्णांना म्हटलं, दोन पेरं माती लागणार. अण्णांचा चेहरा खुलला. माझ्या शिक्षणात त्यांचा हात फी भरण्यापलीकडं कधी गेला नव्हता, आणि त्याचं त्यांना कुठेतरी वाईट वाटत असावं. माती हा मात्र त्यांचा विषय. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर पेटीत माती भरून झालेली. दूधगंगेच्या काठची, कधी खत न पडलेली, चाळणीनं चाळलेली काळीभोर माती. अण्णा बाह्या वर करून उभे होते आणि त्यांच्या हातात उसाची एक कांडी होती. मापाला म्हणून फडातून तोडून आणलेली, बरोबर दोन पेरांची.

"बुडख्याकडची आखूड पेरं घेतल्यात," ते मला समजावून सांगायला लागले. "वरची घेतली असती तर पाण्याला जागाच ऱ्हायली नसती."

आणि मी मान डोलावली! आज आठवलं की स्वतःच्याच टाळक्यात मारावंसं वाटतं. निम्मी पेटी मातीनं भरली होती. पण आमच्या घरात पेर हा शब्द उसाचाच होता. यंदा पेरं लांब सुटली, पाऊस कमी म्हणून पेरं आखूड राहिली, असं मी जन्मापासून जेवताना ऐकत आलेली. बोटालाही पेरं असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उलट एवढ्या मातीत झाडं काय जोमानं येतील, या विचारानं मी खूश झाले. अण्णांनी ती कांडी खिडकीत उभी करून ठेवली.

फितीसारख्या लांब पानांची झाडं महिनाभर छान वाढली. मी मासे सोडले. मग सकाळी उठल्यावर आधी मासे मोजायचे आणि नंतर दात घासायचे, असा माझा नेमच झाला. पहिले काही दिवस नऊ. होळी झाली त्या आठवड्यात एका सकाळी आठ. नववा वाळूवर आडवा पडलेला. मी तो आईच्या आधी उचलणार होते, खोटं कशाला बोलू. पण ती माझ्या मागेच उभी होती. त्या दिवशी तिनं आम्हाला वाढलं आणि स्वतःचं ताट मांडलं नाही.

घरात वास यायला लागला तो याच सुमारास. फार नव्हे, आल्यागेल्यासारखा, दुपारी जास्त. आई म्हणाली मोरीचा आहे आणि तिनं मोरी तीनदा घासली. अण्णांना वाटलं, कारखान्यावरून आल्यामुळं आपल्याच कपड्यांना मळीचा वास लागलाय. ते बिचारे आल्याआल्या अंघोळ करायला लागले. मी शेजारच्यांच्या गटारीवर खापर फोडलं. वाळूतून मधूनच एखादा बुडबुडा 'बुडुक' करून वर यायचा. झाडं श्वास सोडतायत, असं मी वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं. मोठी निरीक्षणशक्ती!

चार दिवसांनी दुसरा मासा गेला. आईचा दुसरा उपास. मी म्हटलं, आई, अर्धा कप दूध तरी घे. ती म्हणाली, "तू पाठ कर की तुझा. माझं मी बघतो." मी पाठ करत होते. पाठाच्या टाचणात उद्दिष्टं, साहित्य, प्रस्तावना असे रकाने होते, आणि माझी नजर सारखी स्वयंपाकघरात जायची. ती भाकरी थापताना मधेच थांबते का, पाणी पिताना भांड्याला दोन हात लावते का, हे मी चोरून बघायची. चिडचिड व्हायची. तिची, माशांची, त्या परीक्षकांची, ज्यांना मी अजून पाहिलंही नव्हतं. हे असलं देणं माझ्या डोक्यावर का ठेवलं हिनं, असं वाटायचं, आणि लगेच असं वाटल्याची लाज वाटायची.

तिसरा मासा गेला त्या दिवशी पाठाला सहा दिवस राहिले होते. आई बाराच्या सुमारास मोरीपाशी भिंतीला टेकून खाली बसली. डोळे मिटलेले, कपाळावर घाम. "काय न्हाय, घेरी आली जरा," म्हणाली. मी साखर आणली, तिनं तोंड फिरवलं. पेटीत अजून सहा मासे होते. सहा मासे म्हणजे सहा दिवस. मी चाचांना फोन लावला.

"वास येतोय काय गं पेटीतनं?" चाचांनी पहिलंच विचारलं.

"पेटीतला का कुठला माहीत नाही. पण येतो."

"कसा? सडक्या अंड्यागत?"

हायड्रोजन सल्फाइड, रंगहीन, विषारी, सडक्या अंड्यासारखा वास. हे वाक्य मी दहावीला घोकलं होतं, पेपरात लिहिलं होतं, त्याचा गुणही घेतला होता. पण आमच्या उंबऱ्याच्या आत अंडं कधी आलंच नव्हतं. ताजं नाही, तर सडकं कुठून येणार? तो वास इतके दिवस आमच्या घरात नांदत होता आणि तिघांपैकी एकालाही त्याचं नाव माहीत नव्हतं.

"चाचा," मी शेवटी विचारलं, "अंडं सडल्यावर कसा वास येतो?"

"आता गं! तुला कसं सांगू पोरी?" मग एकदम, "माती किती घातलीस?"

"तुम्ही सांगितली तेवढीच. दोन पेरं."

"मग बिघडायचं काय कारण न्हाय. बोट घालून बघ, दुसऱ्या पेरावर काच लागत्या काय."

"बोट?"

"मग काय ऊस घालून बघणार हाईस?"

चाचा थट्टा करत होते. मी खिडकीकडं बघितलं. अण्णांची कांडी तिथं उभी होती, वाळून पिवळी पडलेली.

मी सगळं सांगितल्यावर त्यांचा आवाज बदलला. माती जास्त झाली की खाली हवा पोचत नाही, तिथं तो गॅस धरतो, त्यांनी भराभर सांगितलं. "माती अजिबात हलवू नको. मासं आत असताना हलली आन् सगळा गॅस येकदम वर आला, तर एक बी ऱ्हाणार न्हाय. आधी मासं काढ, मग माती."

दुपारचे साडेबारा. लोडशेडिंग सुरू झालेलं, पेटीत हवा सोडणारा पंप बंद. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. जाळी माझ्याकडं नव्हती. मी चहाची गाळणी घेऊन आले आणि पहिल्याच फटक्यात मासे उधळले, एक तर थेट तळाशी गेला आणि वाळूतून मोठा बुडबुडा सुटला. तो वास आता अंगावर आला.

"व्हय बाजूला," मागून आई म्हणाली.

ती उठून आली होती. तिच्या हातात पाणी गाळायचं फडकं होतं, आणि पायाशी पाण्यानं भरलेली कळशी. ज्या पेटीला तिनं एवढे दिवस बोट लावलं नव्हतं, त्या पेटीत तिनं दोन्ही हात घातले. फडकं पाण्यात पसरलं आणि ती थांबली. नुसती थांबली. मासा आपण होऊन फडक्यावर आला की चारी टोकं हळूच वर. कळशीत उलटं करून खळबळायचं. इतकी वर्षं रोज ती हेच करत आली होती, फक्त आज जीव डोळ्यांना दिसत होते. एक. दोन. तिसऱ्याला वेळ लागला. चार. पाच. मी मोठ्यानं मोजत होते. "गप की," ती म्हणाली, "भितात ती."

सहावा झाडांच्या बुंध्याशी जाऊन बसला. फडकं तिथं नेलं तर मुळं हलणार, मुळं हलली तर माती. आईचे हात पाण्यात तसेच. सकाळपासून पोटात काही नाही, चेहरा पांढरा पडलेला, आणि मला तिच्या कोपराशी थरथर दिसत होती. मी म्हटलं, आई, सोड एकाला. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. किती वेळ गेला सांगता येणार नाही. मग तो मासा पानाआडून निघाला, इकडंतिकडं फिरला, आणि जणू त्याचंच फडकं असल्यासारखा येऊन त्यावर थांबला. सहा. आई कळशीशेजारी खाली बसली आणि दोघींनाही रडू आलं. तिला का आलं, ते मी विचारलं नाही.

पुढचं काम माझं. खिडक्या उघडून मी झाडं उपटली. मुळं काळी, हाताला बुळबुळीत लागणारी. माती परातीनं काढून अंगणात ढीग केला. नीट, बोटानं मोजून, दोन पेरंच ठेवली आणि मुळं धुऊन झाडं परत लावली.

दिवस बुडायला अण्णा आले. ढिगापाशी थांबले. "येवढी काढलीस?"

"झाडं लहान आहेत अजून," मी म्हटलं. "चाचा म्हणाले, एवढीच पुरे."

"बरं."

मला ते सांगवलं नाही. त्यांनी आयुष्यात एकदाच माझ्या अभ्यासाला हातभार लावला होता, आणि त्यापायी आई तीन दिवस उपाशी राहिली होती, हे मी कुठल्या तोंडानं सांगणार? त्यांनी माती पोत्यात भरली आणि सकाळी फटफटीवर घालून नदीकाठाला परत नेली. खिडकीतली कांडी त्यानंतर दिसली नाही. मला वाटलं, आईनं टाकली असेल.

त्या आठवड्यात ऊसतोडीची घाई होती. अण्णा तीनदा अंधार पडल्यावर घरी आले, आणि दिवस बुडाल्यावर आमच्यात जेवत नाहीत, त्यामुळं तसेच झोपले. एकदा आई त्यांचा डबा हातात घेऊन आश्चर्यानं म्हणाली, "विसळून आणलाय आज! काय सूर्य पश्चिमेला उगवला काय?" अण्णांनी जन्मात कधी डबा विसळला नव्हता. आम्ही दोघी हसलो. मी लगेच टाचणाकडं वळले.

पाठ झाला. सहा मासे आणि मुळांसकट एक झाड काचेच्या बरणीत घालून मी चालत शाळेत गेले. पोरं बाकावर उभी राहिली, परीक्षक रागावले नाहीत. मला कितपत चांगलं जमलं ते आता आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की परत आल्यावर आई दारात उभी होती आणि तिनं निकालाचं काही विचारलं नाही. तिनं बरणी उजेडात धरून मासे मोजले. दुसऱ्याच दिवशी ते चाचांना परत देऊन आले.

माती किती घालावी, या प्रश्नाशी माझं असं नातं आहे. कमी घातली तर झाड तरंगतं, जास्त घातली तर खाली काहीतरी कोंडून बसतं. मीही एक गोष्ट त्या दिवसापासून पुरून ठेवली होती. चाचा गेले. आईही गेली, त्याला सहा वर्षं झाली, शुगरनंच गेली. तेव्हा त्या तीन उपासांचा विचार मनात येऊन गेला, आणि मला माझाच राग आला. अण्णांना मी तेव्हाही बोलले नाही.

आज सकाळी मी नवी पेटी पुसून ठेवली आणि पिशवी उघडायला कात्री शोधत होते. अण्णा आता ऐंशीला टेकलेत, माझ्याकडंच असतात. ते खुर्ची ओढून पेटीपाशी बसले. "आण हिकडं," म्हणाले. मी काही बोलायच्या आत त्यांनी माती ओतायला सुरुवात केली. किती घालायची ते मी सांगितलंच नव्हतं. त्यांनी तळव्यानं माती सारखी केली, थांबले, आणि उजव्या हाताची तर्जनी सरळ मातीत रोवली. काच लागली तेव्हा दुसरं पेर बरोबर बुडालं होतं.

"दोन पेरं," ते म्हणाले. "बोटाची."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"चाचांनी. दुसऱ्याच दिवशी गेलतो की मी त्यांच्याकडं, कांडी घिऊन. म्हटलं, येवढी जास्त व्हत्या काय? त्यांनी आपलं बोट वर केलं." अण्णा माती झटकत राहिले. "चूक माझी आन् उपास तिनं केलं तीन. मग मी बी केलं. डबा गड्यांना देत हुतो."

म्हणजे विसळलेला डबा. म्हणजे अंधार पडल्यावर घरी येणं. वीस वर्षं मी त्यांच्यापासून जे लपवत होते, ते त्यांना एका दिवसात कळलं होतं.

"आईला का नाही सांगितलंत?"

"तिला कशाला सांगायचं? माझं बी तीन तिनंच केलं असतं."

ते उठले, मोरीवर जाऊन हात धुऊन आले, परत बसले. पेटीकडं बघत विचारलं, "मासं किती आणणार हाईस?"

"नको अण्णा. यंदा नुसती झाडंच."

"आण की नऊ," ते म्हणाले. "ह्या खेपंला माती बरोबर हाय."